चला, खळ्यावर वारा सुटायचाय

चपला इथंच काढून ठेवा. दुपारी आपल्याला एका खळ्यावर पोचायचंय आणि खळ्यावर पायताण चालत नाही. घड्याळही लागणार नाही; ज्या माणसांकडे आपण निघालोय ती सावली बघून वेळ सांगतात आणि फारशी चुकत नाहीत. काळ १९३० च्या आसपासचा, महिना फाल्गुन. तुम्ही दौंड स्टेशनच्या फलाटावर उभे आहात आणि रात्र सरत आलीय.

आधी नाकाला कळतं. दगडी कोळशाचा धूर, तापलेलं तेल, ओली राख. फलाटाच्या टोकाला इंजिन पाणी भरून घेतंय. वाफेचा एक फवारा सुटतो, तुमच्या पोटऱ्या भाजून निघतात, तुम्ही उडी मारून मागं सरता आणि कुणाच्यातरी बोचक्यावर आदळता. "अवो पाव्हणं, जरा बघून!" बोचक्याची मालकीण झोपेतून ओरडते. मनमाडकडं जाणारे, सोलापूरकडं जाणारे, बारामतीच्या छोट्या रुळाच्या गाडीसाठी थांबलेले, सगळे एकमेकांच्या अंगावर रेलून पेंगतायत. डोळ्यात कोळशाचा कण जातो. चोळू नका, आणखी खुपेल.

फायरमनकडं बघा. भट्टीचं दार उघडलं की त्याचा अर्धा चेहरा लाल होतो, फावडंभर कोळसा आत जातो, दार बंद होतं आणि चेहरा पुन्हा काळोखात. एवढ्या ताकदीचं यंत्र या मुलखात दुसरं नाही. शेकडो माणसं आणि हजारो पोती ते एका दमात ओढून नेतं. पण ती ताकद रुळाच्या पलीकडं वीतभरही जात नाही. चार-सहा कोसांवर, भीमेच्या दोन्ही काठांना, दौंड आणि शिरूरची जी गावं आहेत तिथं पाणी उपसणं, दळणं, नांगरणं, मळणं, उसाचा रस काढणं हे सगळं माणसाच्या आणि बैलाच्या अंगातून निघतं. थोडंफार वाऱ्यातून. ही ताकद किती महाग पडते आणि गावानं ती आपसात वाटून स्वस्त कशी केली, ते आज तुम्हाला स्वतःच्या अंगानं कळणार आहे.

डोळे मिटा. उघडा.

घरघर ऐकू येतेय? शेणानं सारवलेल्या गार जमिनीवर तुम्ही मांडी घालून बसलाय. समोर जातं. एका बाजूला सासू, दुसऱ्या बाजूला सून, दोघींचे हात एकाच खुंट्यावर. कोनाड्यातल्या चिमणीचा उजेड जेमतेम पिठावर पडतोय. "नुसतं बसलाय कशाला? धरा की खुंटा," सासूबाई तुम्हालाच म्हणतायत. धरा. पहिले दहा-बारा फेरे सोपे जातात. मग खांद्याच्या मागं जळजळ सुरू होते, श्वास तोंडानं घ्यावा लागतो. सून मात्र ओवी म्हणतेय आणि तिचा दम कुठं तुटत नाही. नीट ऐका. ओवीचा ठेका आणि दगडाचा फेरा एकच आहे. एकीनं ओढायचं तेव्हा दुसरीनं ढकलायचं. दोघींचा जोर एकमेकींच्या आड येऊ नये, याची सगळी व्यवस्था त्या गाण्यात आहे.

दारात तिसरी येऊन उभी राहते, पाटीभर ज्वारी कडेवर घेऊन. तिची सून बाळंतपणाला माहेरी गेलीय आणि एकटीनं दळायचं तर तांबडं फुटेल. कुणी काही बोलत नाही. सून सरकून जागा करते. उद्या या दोघी तिच्याकडं शेण्या थापायला जातील. हिशेब कुणी मांडला नाही, तरी तो चुकलेलाही कुणाला आठवत नाही.

उजाडायच्या आत मळ्यात चला, कारण मोट उन्हाच्या आधी सुरू होते. पाटाच्या कडेनं पाय टाकताना चिखल बोटांमधून वर येतो. गार आहे, बरं वाटतं. विहीर जवळ आली की चाकाचं कुरकुरणं ऐकू येतं आणि ओल्या चामड्याचा, बैलाच्या घामाचा, शेवाळाचा मिसळलेला वास येतो. विहिरीला दोन बाजूंनी दोन धावा आहेत, म्हणजे एका वेळी दोन मोटा चालतात. विहीर चौघांच्या भागातली आहे. खाली काळा पाषाण लागला, सुरुंग लावावे लागले. एकट्याच्या ऐपतीत ती कधीच पुरी झाली नसती. चौघांनी पैका घातला, अंगमेहनत घातली, म्हणून पाणी चौघांचं आणि तेही पाळीनं. आज पाळी आबांची.

"या पाव्हणं, नाड्यावर बसा," आबा हाक मारतात. तुम्हाला वाटतं थट्टा चाललीय. थट्टा नाही. मोटेच्या तोंडाला बांधलेला जाड दोर म्हणजे नाडा. बैल धावेवरून उतरायला लागले की मोटकऱ्यानं त्याच्यावर बसून आपलं वजन ओढीला जोडायचं. बसा. बैल निघतात, दोर ताठ होतो, तुमच्या मांड्या कापतात, खाली विहिरीत धबाधबा आवाज होतो आणि शंभर लिटरच्या वर पाणी पोटात घेऊन मोट वर येते. काठाशी आली की खालच्या बारक्या दोरानं, सोंदूरानं, धरलेली तिची सोंड सुटते आणि सगळं पाणी थारोळ्यात कोसळतं. तुषार अंगावर येतात. तोवर बैल उलट्या पावलांनी धाव चढायला लागलेले. मागं मागं चालणारा बैल तुम्ही आधी पाहिला नसेल.

एक मोट. पुन्हा एक. पुन्हा एक. सूर्य हातभर वर येतो तेव्हा तुमच्या तळहातांना फोड आलेले असतात आणि एवढ्या पाण्यात उसाचे मोजके वाफे भिजलेले असतात. एका बैलजोडीची ताकद एक अश्वशक्ती धरा, खरं तर त्याहून थोडी कमीच. आज त्याच काठावर पाच अश्वशक्तीचा पंप बटण दाबल्यावर सुरू होतो. त्या बटणामागं किती बैल उभे आहेत, ते नाड्यावर बसल्याखेरीज समजत नाही.

आबांकडं बैलांची एकच जोडी आहे. दुसऱ्या धावेवर जी चाललीय ती शेजारच्या तात्यांची. याला वारंगुळा म्हणतात: आज तुझे बैल माझ्याकडं, परवा माझे तुझ्याकडं. तात्या आणि आबा यांचं बांधावरून गेल्या सालापासून वाकडं आहे, बोलणंसुद्धा नाही. बैल मात्र येतात. बांधाचं भांडण पाण्याच्या पाळीत आणायचं नाही, एवढं दोघांनाही कळतं. मला या गावातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. एकमेकांवर जीव टाकणाऱ्या माणसांनी मदत करावी यात विशेष काही नाही. ज्यांचं पटत नाही त्यांनी ताकद एकत्र घातली, तिथं खरी अक्कल दिसते.

पुढचं शेत बघून घ्या, तिथं आज इर्जिक आहे. भीमाकाठच्या काळ्या रानात हराळी माजली की तिची मुळी हातभर खोल जाते आणि ती उपटायला लाकडी नांगराला चार बैलजोड्या लागतात. आठ बैल एका घरात कुणाकडं असणार? म्हणून सगळे आपापले बैल घेऊन आलेत. धुरळा, शिव्या, घुंगरं, चाबकाचे आवाज, ढेकळांचा गार मातकट वास. मजुरी म्हणाल तर संध्याकाळचं पोटभर जेवण, मटणाचा रस्सा नाहीतर पुरणपोळी. एकानं किर्लोस्करवाडीचा लोखंडी नांगर आणलाय. तो कमी बैलांत तेवढंच खोल जातो, असं तो छातीवर हात मारून सांगतोय. बाकीचे हसतात, मग एकेक जण येऊन फाळाला हात लावून बघतो. पुढच्या सालापर्यंत तो नांगर अर्ध्या गावाच्या रानातून फिरून आलेला असेल. यंत्र एकानं घेतलं, पारख सगळ्यांनी केली.

आता खळ्याकडं. ऊन डोक्यावर आहे, सावलीसावलीनं चला.

गावाबाहेरच्या उंच माळावर शेजारी शेजारी तीन खळी आहेत. जमीन चोपून, सारवून इतकी घट्ट केलीय की दाणा पडला तर उडतो. अनवाणी पायांना ती भाजते, थोडा वेळ पाय आलटूनपालटून उचलावे लागतील. मधे तिवड्याचा खांब, त्याच्याभोवती चार बैलांची पात सकाळपासून कणसं तुडवत फिरलीय. मळणी झाली. आता दाणा आणि भुसा एक होऊन ढिगात पडलाय, आणि त्यांना वेगळं करायला माणसाचं बळ चालत नाही, बैलाचंही नाही. वाराच पाहिजे.

वारा पडलाय.

एक पान हलत नाही. घाम कपाळावरून डोळ्यात उतरतो. ज्वारीची कूस मानेला, कोपराच्या खोबणीत, कानाच्या मागं चिकटलीय आणि तुम्ही जितकं खाजवाल तितकी ती आत शिरते. माणसं कडब्याच्या गंजीच्या सावलीला टेकलीत. तंबाखूची चंची फिरते. कुणी बोललंच तर हळू. खळ्यावर आरडाओरडा करायचा नाही, "संपलं", "नाही" असले शब्द काढायचे नाहीत. पोरंसुद्धा इथं आली की आवाज उतरवतात.

आबा मात्र उठून चालायला लागतात. पलीकडच्या खळ्यावरच्या म्हाताऱ्यापाशी जातात. "नाना, ती गंज वाऱ्याच्या वाटंत हाये." नाना मान वर करून मावळतीकडं बघतात, मग गंजीकडं, मग आबांच्या खळ्याकडं. गंज नानांची, अडचण आबांची. नाना उठतात. पाठोपाठ सगळे उठतात आणि कडब्याच्या पेंढ्या हातोहात उत्तरेला जातात. तुम्हीही रांगेत उभे राहा. पेंढी हातात येते, करकरते, तिचं पान तळहात कापून जातं, तुम्ही पुढं देता. अर्ध्या तासात वाट मोकळी. एकाच्या गंजीची सावली दुसऱ्याच्या वाऱ्यावर पडू नये. मनात ठेवा हे. रात्री आपल्याला याची आठवण काढावी लागणार आहे.

आणि मग लांबच्या लिंबाचा शेंडा हलतो. कुणीतरी बघतं. "सुटलं! वारं सुटलं रं!"

तीन खळ्यांवरची सगळी माणसं एकाच खळ्याकडं धावतात. तुम्ही गोंधळता, प्रत्येकानं आपापलं खळं का गाठू नये? कारण वारा किती वेळ टिकेल याची हमी कुणी देत नाही. दोन तासांत तो पडला तर तीन राशी अर्धवट राहण्यापेक्षा एक पुरी झालेली बरी. पहिलं खळं कुणाचं हे दुपारीच ठरलंय. ज्या घरातला कर्ता माणूस गेल्या पावसाळ्यात वारला, त्या घराचं.

तिवईवर चढा. दोन जण तिला धरून आहेत, पडणार नाही. खालून पाटी वर येते, जड आहे, डोक्याच्या वर न्या आणि हळूहळू कलती करा. तुम्ही घाईनं ओतता, दाणे भुशासकट पायापाशी पडतात. "पाव्हणं, हळू! वाऱ्याला त्याचं काम करू द्या." पुन्हा. या वेळी धार बारीक सुटते. दाणा सरळ खाली जातो, भुसा तिरका होऊन लांब उडतो. खाली एक बाई हातणीनं राशीवरचा भुसा बाजूला करतेय, उडालेल्या भुशात तिचा चेहरा पुसट झालाय. वारा वाढला की धारेचा कोन बदलतो, तुमचे हात आपोआप थोडे खाली येतात. ही ताकद फुकट आहे, पण तिच्या वेळेला हजर राहावं लागतं. आणि ती वाढते तेव्हा सरळ हिशेबानं वाढत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ताकद आठपट होते. तिवईवर उभं असताना हे गणित छातीला कळतं.

दिवस बुडतो तेव्हा रास पडलेली असते. पिवळसर पांढरी, अजून उन्हानं गरम. हात घाला तिच्यात कोपरापर्यंत. मापानं मोजणी सुरू होते. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, "लाभ" म्हणायचं, मग दोन, मग तीन.

राशीच्या कडेला माणसं उभी आहेत, त्यांच्याकडंही बघा. सकाळच्या मोटेचं कातडं कमावलं ढोरानं, शिवलं चांभारानं, नाडा वळला मांगानं. तिवडा सुताराचा, नांगराचा फाळ लोहाराचा. आपापलं बलुतं घ्यायला ते आलेत. सुतार-लोहाराला त्यांचं माप मिळतं. ज्यांनी मोट आणि नाडा केला, ते सगळ्यात लांब उभे आहेत, त्यांच्या पदरात दाणा वरून टाकला जातो, आणि ज्या विहिरीचं पाणी त्यांच्या हातच्या मोटेनं वर येतं तिच्या काठावर त्यांना पाय ठेवता येत नाही. दिवसभर या गावाच्या शहाणपणाचं मी कौतुक केलं, ते खरंच आहे. पण ते शहाणपण जमिनीच्या मालकांपुरतं होतं. ताकद वाटून घेणाऱ्यांच्या रांगेत कोण आणि बाहेर कोण, हा प्रश्न त्या खळ्यावर कुणी विचारला नाही. तो विचारायला हवा होता.

रात्र पडलीय, अंग ठणकतंय, तरी गुऱ्हाळावर जाऊ या. तो वास इथवर आलाच आहे. दौंडकडचं हे गुऱ्हाळ पुण्याच्या खडकवासल्याहून आलेल्या उजव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या उसाचं. चरक सहा जणांत घेतलेला, कढई भाड्याची, बैल ज्याचा ऊस त्याचे. बैल गोल फिरतायत, कांड्या करकर चिरडल्या जातायत, रस पिंपात पडतोय. माशा आणि मधमाश्या रात्रीसुद्धा उठायला तयार नाहीत. चुलवाणासमोर उभे राहिलात तर भुवया करपतील, दोन पावलं मागं या.

जाळ कशाचा आहे बघा. त्याच उसाची वाळलेली चिपाडं. चुलवाण चांगलं बांधलेलं असेल तर ज्या उसाचा रस, त्याच्याच चिपाडावर गूळ निघतो, वेगळं सरपण लागत नाही. तोंड कुठं ठेवायचं, हवा कुठून घ्यायची, धूर कुठून काढायचा, यावर एका हंगामाचं सरपण वाचतं किंवा जातं. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नाही, ते गुळव्याच्या डोक्यात आहे, आणि गुळव्या गावोगाव फिरतो. एका गावात बघितलेली सुधारणा पुढच्या गावात सांगतो, तिथली चूक आणखी पुढच्या गावात टाळतो. आत्ता तो कढईवर वाकलाय. भेंडीचं पाणी टाकून मळी काढून झाली. रसाला फेस चढतोय, रंग बदलतोय. चटका सुमारे ११८ अंशांवर गेला की गूळ उतरवायचा, पण त्याच्याकडं तापमापक नाही. थेंबभर पाक तो गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी करतो, ताटलीवर आपटतो. आवाज ऐकतो. "उतरवा!"

चार जण कढई उचलतात, वाफेत कुणी कुणाला दिसत नाही. तुमच्या हातावर कुणीतरी कोमट काकवी ओततं. खा. आज दिवसभरात जे अंग झिजलं, त्याची ही भरपाई.

खाऊन झालं की बाहेर माळावर पडू या, वारा अजून आहे. पश्चिमेकडून येतोय. पावसाळा सुरू झाला की याच दिशेनं तो जोरात येईल, अरबी समुद्रावरून निघून, सह्याद्रीवर आपलं पाणी टाकून, कोरडा होऊन. शिरूर-दौंडला पाऊस कमी आणि वारा भरपूर तो यामुळंच. आज शिरूरहून नगरच्या रस्त्यानं निघालात तर सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावर पवनचक्क्या फिरताना दिसतात. घाट, डोंगर, झाडं, घरं यांना घासून उरलेला वारा त्या वापरतात. समुद्रावर त्याला अडवायला काहीच नसतं. वेगातला थोडा फरक ताकदीत किती मोठा होतो, ते तुम्ही तिवईवर शिकलाच आहात.

उठा, एक लांब उडी मारायचीय. साल १९९१. डेन्मार्कच्या विंडेबी गावासमोरचा समुद्र. गार वारा कानाच्या आत शिरतो, ओठ खारट होतात, बोट इतकी हलते की कठडा सोडवत नाही. पाण्यातून ११ पवनचक्क्या उभ्या आहेत, प्रत्येकी ४५० किलोवॅटच्या. समुद्रात उभं केलेलं जगातलं हे पहिलं पवन-वीजकेंद्र. आजच्या मापानं अगदी लहान, सगळं मिळून ५ मेगावॅटच्या आसपास. आणि महाग. पाया पाण्यात घालायचा, केबल समुद्रतळावरून न्यायची, दुरुस्तीला माणूस बोटीनं पोचवायचा. लाटा उंच असल्या की तंत्रज्ञ बंदरातच बसून राहतो. काल तुम्ही वाऱ्याची वाट बघत बसलात, तो वारा कमी व्हायची वाट बघतो. त्या थांबण्याचे पैसेही विजेच्या दरात धरले जातात.

बरीच वर्षं प्रत्येक कंपनी आपापल्या खर्चानं आपापल्या चुका करत राहिली. मग २००८ साली ब्रिटनमध्ये कार्बन ट्रस्ट या संस्थेनं सरकारी पैशाच्या आधारानं एक कार्यक्रम सुरू केला. लिलावात एकमेकांविरुद्ध बोली लावणाऱ्या कंपन्यांना तिनं एका टेबलाशी बसवलं. प्रयोगाचा खर्च वाटून घ्यायचा, निष्कर्षही वाटून घ्यायचे. पाया स्वस्त कसा घालायचा, लाटांमध्ये माणूस चक्कीवर सुखरूप कसा चढवायचा, केबलचा दाब ३३ ऐवजी ६६ किलोव्होल्ट केला तर किती वाचेल. आणि पुढच्या चक्कीची सावली मागच्या चक्कीच्या वाऱ्यावर किती पडते? नाना आणि आबांनी जे गंज हलवून सोडवलं, ते त्यांनी मोजमापं एकत्र करून सोडवायला घेतलं. बांधावरून वाकडं असूनही तात्यांचे बैल मोटेला आले होते, ते आठवतंय ना?

त्याचा परिणाम दरात दिसला. ब्रिटनमध्ये २०१५ च्या लिलावात समुद्री वाऱ्याच्या विजेचा दर, २०१२ च्या किमतींच्या हिशेबानं, मेगावॅट-तासाला ११४ ते १२० पौंड होता. २०१९ च्या लिलावात, त्याच हिशेबानं, तो ४० पौंडांच्या आसपास आला. पाती मोठी झाली, बँकांची भीती गेली, कारखाने वाढले, ही कारणं आहेतच. पुढं पोलाद आणि व्याज महाग झालं तेव्हा दर पुन्हा काहीसे चढलेही. पण वाटून घेतलेल्या ज्ञानाचाही स्वस्ताईत वाटा होता, आणि ते ज्ञान महागाईत वाया जात नाही.

आता परत या. चपला घाला.

आपल्या किनाऱ्यावर हे सगळं अजून व्हायचंय. खंभातच्या आखातात २०१७ साली वारा मोजणारं उपकरण बसलं. जून २०२४ मध्ये केंद्र सरकारनं गुजरात आणि तामिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॅटच्या प्रकल्पांसाठी अर्थसाहाय्य मंजूर केलं, बंदरांच्या सोयी धरून ७,४५३ कोटी रुपये. पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र नाही. तरी पवनचक्क्या बनवणाऱ्या सुझलॉनचं मुख्यालय पुण्यात हडपसरला आहे, दौंडच्याच रेल्वेमार्गावर. आणि भागभांडवल गोळा करून मोठं यंत्र उभं करायची सवय या मुलखाला आहे: पाटसचा भीमा आणि न्हावऱ्याचा घोडगंगा हे साखर कारखाने शेतकऱ्यांनी भाग घेऊनच उभारले. वाऱ्याची मोजमापं, बंदरं, बोटी, पायाच्या चाचण्या एकत्र करायला आपल्याला परदेशातून धडा घ्यायची गरज नाही.

धडा घ्यायचाच तर त्या खळ्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांकडून घ्या. समुद्रात जिथं हे खांब उतरतील तिथं आज कुणाचीतरी जाळी पडतात. कोळ्यांच्या, मच्छीमार सोसायट्यांच्या वाटा, माशांच्या जागा, होड्या नांगरायच्या जागा त्यांनाच माहीत आहेत आणि त्या कुठल्याही उपकरणावर उमटत नाहीत. जागा ठरल्यावर नुकसानभरपाईचं माप वरून पदरात टाकणं म्हणजे त्यांना भागीदार करणं नव्हे. नकाशावर पहिली रेघ ओढायच्या आधी त्यांना टेबलाशी बसवा, विजेत त्यांचा भाग ठेवा, आणि तो भाग करारात लिहा.

तुम्ही अभियंता असाल, अधिकारी असाल, गुंतवणूकदार असाल, तर ही विनंती तुम्हाला आहे.